पहिल्या लेखनावर तोच पेज फॉल्ट थांबता थांबत नाही

प्रश्न: कोपरखैरणेकर
नमस्कार. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून मी एक्स८६-६४ प्रोसेसरसाठी एक लहान कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) लिहीत असून ते क्यूएमू या एम्युलेटरवर चालवतो. प्रत्येक प्रोसेसच्या मॅपिंगची सुरुवात, शेवट, परवानग्या आणि फाइलमधील ऑफसेट एवढ्या गोष्टी यादीत ठेवायच्या, पेज टेबल (कोणता पत्ता प्रत्यक्ष मेमरीत कुठे आहे हे सांगणारा बहुपातळी तक्ता) रिकामे सोडायचे आणि पेज फॉल्ट (पत्ता वापरता न आल्याने प्रोसेसरने कर्नलकडे केलेली तक्रार) आल्यावर यादीत पत्ता शोधून ४०९६ बाइटचे पेज भरायचे, अशी रचना केली आहे. वाचन व्यवस्थित चालते. मात्र खासगी (ज्यातील बदल फाइलमध्ये जात नाहीत अशा) फाइल मॅपिंगमधील पेजवर प्रोसेसने पहिल्यांदा लिहिले की एरर कोड ७ येतो. मी नवी फ्रेम (पेजएवढा प्रत्यक्ष मेमरीचा तुकडा) घेऊन त्यात मजकूर उतरवतो, नोंदीत लेखनाची परवानगी देतो आणि परततो, तोच सीआर२ मध्ये, म्हणजे फॉल्टचा पत्ता ठेवणाऱ्या रजिस्टरमध्ये, तोच पत्ता आणि पुन्हा ७. थोड्या वेळाने फ्रेम संपल्याचा संदेश येऊन सगळे थांबते. शेवटच्या पातळीवरील नोंद छापून पाहिली, तर तिच्यात हजर, लेखन आणि युजर हे तिन्ही बिट लागलेले दिसतात. मधल्या पातळ्यांची टेबले मी गरजेनुसार, त्या वेळच्या पेजच्याच परवानग्या देऊन तयार करतो. चूक कुठे शोधावी?

उत्तर १: कळवा नाका
नोंद बदलल्यावर त्या पत्त्यासाठी इन्व्हएलपीजी ही सूचना चालवता का? टीएलबीमध्ये (पेज टेबलच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रोसेसरमधील कॅशमध्ये, जिच्यातून ही सूचना नोंद काढते) जुनी, केवळ वाचनाची नोंद शिल्लक असेल, तर प्रोसेसर तीच वापरत राहील.

उत्तर २: घोडबंदर रोड
इन्व्हएलपीजी असायलाच हवे, परंतु या लक्षणाचे कारण ते नसावे. एखाद्या पत्त्यावर पेज फॉल्ट झाला की त्या पत्त्याची टीएलबीमधील नोंद प्रोसेसर स्वतःच काढून टाकतो, त्यामुळे शिळ्या नोंदीपायी त्याच कोअरवर अखंड फेरा सुरू राहण्याचे कारण उरत नाही. टीएलबीची खरी अडचण अनेक कोअर असताना येते: एका थ्रेडने लिहून नवी फ्रेम मिळवली, तरी दुसऱ्या कोअरवरील थ्रेड जुनीच फ्रेम वाचत राहू शकतो, आणि म्हणून इतर कोअरना इंटरप्ट पाठवून त्यांच्याकडील नोंद काढून घ्यावी लागते.

आपल्या प्रश्नातील शेवटून दुसरे वाक्य मला अधिक महत्त्वाचे वाटते. एरर कोड ७ म्हणजे पेज हजर आहे, प्रयत्न लेखनाचा आहे आणि तो युजर मोडमधून झाला आहे. नकार कोणत्या पातळीवर मिळाला, हे मात्र हा कोड सांगत नाही. चारही पातळ्यांवरील नोंदींमध्ये लेखनाचा बिट लागलेला असेल तरच लेखन होऊ शकते आणि युजर बिटालाही हाच नियम लागू आहे. फ्लॅटचे दार सताड उघडे असले तरी सोसायटीचे फाटक बंद असेल तर पाहुणा बाहेरच राहतो. आपले पहिले पेज केवळ वाचनासाठी भरले गेले, त्याच वेळी वरची टेबले तयार झाली आणि त्यांच्या नोंदींनाही लेखनाचा बिट मिळाला नाही. पुढे आपण बदल केला तो फक्त खालच्या नोंदीत. क्यूएमूच्या मॉनिटरमध्ये ‘इन्फो मेम’ ही आज्ञा देऊन पाहा. ती सर्व पातळ्यांच्या परवानग्या एकत्र करून दाखवते.

उपाय सोपा आहे: युजर विभागातील मधल्या नोंदींना लेखन आणि युजर हे दोन्ही बिट सरसकट द्यावेत आणि खरे नियंत्रण शेवटच्या नोंदीवर ठेवावे. शिवाय, कॉपी करण्यापूर्वी नोंद आधीच लेखनयोग्य आहे का, हे हँडलरने तपासलेच पाहिजे. ती तपासणी नसल्यामुळे प्रत्येक फेरीत एक फ्रेम वाया जाते, आणि आपल्याला दिसलेला फ्रेम संपल्याचा संदेश हा त्याचाच परिणाम आहे.

उत्तर ३: महापे एमआयडीसी
वरील निदान मला पटते. त्याला जोडून, हे दुरुस्त झाल्यावर जे पुढे येईल तेही आताच सांगून ठेवतो. सीआर० या नियंत्रण रजिस्टरमधील १६ क्रमांकाचा डब्ल्यूपी (राइट प्रोटेक्ट) बिट लावलेला आहे ना, ते पाहा. तो नसेल, तर केवळ वाचनाच्या पेजवर कर्नल स्वतः बिनदिक्कत लिहू शकते. मग फोर्कनंतर (प्रोसेसची प्रत तयार केल्यावर) चाइल्ड प्रोसेसने ‘रीड’ हा वाचनाचा सिस्टिम कॉल केला की कर्नल तो मजकूर पेरेंटशी सामायिक असलेल्या फ्रेममध्येच लिहून टाकते, फॉल्ट येत नाही, कॉपी होत नाही आणि पेरेंटचा डेटा कसा बदलला याचा थांगपत्ता लागत नाही. ८०३८६ मध्ये हा बिटच नव्हता, तो ८०४८६ पासून आला. लिनक्सने ३८६ चा आधार काढून टाकला तेव्हा ही तपासणी सॉफ्टवेअरमधून करणारा कोडही निघाला.

बिट लावल्यावर अशा वेळी एरर कोड ३ येईल, कारण लिहिणारे कर्नल आहे. कर्नल मोडमधील फॉल्ट म्हणजे पॅनिक (कर्नलने सगळे थांबवणे), असे अनेक नवशिक्या कर्नलमध्ये लिहिलेले आढळते. तसे करू नये. पत्ता युजर विभागातील असेल तर आधी मॅपिंगच्या यादीत शोधावा, आणि तिथे तो सापडला नाही तर सिस्टिम कॉलमधून ईफॉल्ट (चुकीचा पत्ता दिल्याची त्रुटी) परत द्यावा. तसेच हँडलरमध्ये इंटरप्ट सुरू करण्यापूर्वी सीआर२ वाचून ठेवावा, कारण मध्येच दुसरा फॉल्ट आला तर पहिला पत्ता पुसला जातो.

कोपरखैरणेकर
दोघांचेही मनापासून आभार. ‘इन्फो मेम’मध्ये त्या पेजपुढे लेखनाचे अक्षर नव्हतेच. मधल्या नोंदी बदलल्यावर लेखन एकाच फॉल्टमध्ये पार पडते. डब्ल्यूपी बिट लावताच ‘रीड’मध्ये कोड ३ आला आणि कर्नल माझ्याच पॅनिकच्या ओळीवर थांबले, म्हणून आता ती अट यादीतील शोधानंतर टाकली आहे. एक शंका उरते: फाइल ५००० बाइटची आणि मॅपिंग तीन पेजचे असेल, तर तिसऱ्या पेजचे काय करावे?

घोडबंदर रोड
दुसऱ्या पेजमध्ये फाइलचे ९०४ बाइट येतील. त्यापुढचा भाग शून्यांनी भरावा, नाहीतर फ्रेममधील कुणा दुसऱ्याचा जुना मजकूर प्रोसेसला वाचता येईल. तिसरे पेज पूर्णपणे फाइलच्या पलीकडे असल्याने तिथे फ्रेम देऊ नये, प्रोसेसला सिगबस हा सिग्नल पाठवावा. सिगसेगव्ही (मॅपिंगबाहेरच्या पत्त्यासाठीचा सिग्नल) नव्हे, कारण तो पत्ता मॅपिंगच्या आतलाच आहे.