विषय: शनिवारचा डबा – सहा आठवड्यांसाठी स्वयंसेवक हवेत

प्रेषक: श्री. दे.

सप्रेम नमस्कार. आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी आम्ही उभयता येत्या गुरुवारी नागपूरला निघत असून सहा आठवडे तेथेच राहणार आहोत. चिरंजीव मार्चपासून अपंग तरुणांना स्वतंत्र राहायला शिकवणाऱ्या निवासी प्रशिक्षणाच्या अपार्टमेंटमध्ये आहे, हे आपणां सर्वांना ठाऊक आहेच. आजवर दर शनिवारी आम्ही त्याला डबा पोहोचवत आलो. हे सहा शनिवार कोणी वाटून घ्याल का? भाजी कोणतीही चालेल, मात्र दाण्याचे कूट नको, कारण त्याच्यासोबत राहणाऱ्या एका मुलाला त्याची ॲलर्जी आहे.

प्रेषक: सचिव

श्री. दे. यांच्या अडचणीविषयी पूर्ण सहानुभूती आहे. तथापि मागच्या दिवाळीत जे घडले, त्यानंतर मंडळाच्या ई-मेल यादीवरून अन्नपदार्थांची देवाणघेवाण स्वयंपाक समितीमार्फतच व्हावी, असे ठरले होते, याचे स्मरण करून देणे मला भाग आहे. शिवाय फुकट जेवण मिळाल्यास एसएसआयच्या (कमी उत्पन्नाच्या अपंगांना अमेरिकी सरकारकडून दरमहा मिळणाऱ्या साहाय्याच्या) रकमेत एक तृतीयांशापर्यंत कपात होते, असे ऐकिवात आहे. मंडळाच्या डब्यामुळे मुलाचेच नुकसान व्हायला नको.

प्रेषक: सौ. प.

सचिवांची माहिती जुनी आहे. 30 सप्टेंबर 2024 पासून एसएसआयच्या हिशेबात अन्न धरले जात नाही, त्यामुळे डबा रोज पाठवला तरी एक डॉलरही कमी होणार नाही. घरभाडे मात्र अजून धरले जाते, म्हणून ते आई-वडिलांनी परस्पर भरू नये.

श्री. दे., तुम्ही निघण्यापूर्वी खरी काळजी घ्यायची ती एबल खात्याची, म्हणजे अपंग व्यक्तीच्या नावावरच्या त्या खास बचत खात्याची, ज्यातली शिल्लक एसएसआयवाले सहसा मोजत नाहीत. त्यातून भाड्यासाठी काढलेले पैसे त्याच महिन्यात खर्च झाले पाहिजेत. एक तारखेचे भाडे म्हणून आम्ही एकदा 29 तारखेलाच पैसे काढून मुलीच्या बँक खात्यात ठेवले. एक तारीख उजाडली तेव्हा तिच्या नावावर एसएसआयच्या मर्यादेपेक्षा, म्हणजे 2,000 डॉलरांपेक्षा, जास्त रक्कम दिसली आणि त्या महिन्याचे पैसे परत करा, असे पत्र आले. ही मर्यादा 1989 पासून एका पैशाने वाढलेली नाही. नागपुरात बसून, तिथली रात्र आणि इथली सकाळ यांच्या घोळात, हे व्यवहार करू नका. एक तारीख उलटल्यावरच पैसे काढा.

प्रेषक: स्वयंपाक समितीच्या काकू

सौ. प. यांनी सांगितलेले हिशेब महत्त्वाचे असतील, पण मूळ प्रश्न डब्याचा आहे. सहापैकी चार शनिवार मी एकटी करीन, आणि समितीच्या वतीने करीन, म्हणजे सचिवांचाही प्रश्न मिटेल. आठवड्यातून एकदा वरणभात खाल्ल्याने चोवीस वर्षांच्या मुलाचे शिक्षण बुडते, असे मला वाटत नाही. आमच्या घरी बहात्तर वर्षांचे गृहस्थ आहेत. त्यांना आजतागायत चहा करता येत नाही, आणि त्यांना कोणी निवासी प्रशिक्षणाला पाठवा असे सुचवलेले नाही.

प्रेषक: कु. रा.

मी एका संस्थेत याच कामाची प्रशिक्षक आहे, म्हणून लिहिते. काकूंचा हेतू चांगला आहे, परंतु आमच्याकडे शुक्रवारी मुले यादी करून, पैसे मोजून भाजी आणतात आणि शनिवारी ती शिजवतात. डबा आला की आणलेली भाजी फ्रिजमध्ये सडते, आणि सोमवारी मुलगा सांगतो की स्वयंपाक करायची गरजच नव्हती. एखादे काम पंधरा-वीस पायऱ्यांत तोडून, प्रत्येक पायरीला आधी हात धरून, मग नुसते बोट दाखवून, मग काही न सांगता ते करू देणे, यात महिने जातात. मधले दोन शनिवार गळले तर पुन्हा हात धरण्यापासून सुरुवात करावी लागते.

तरीही डबा बंद करा, असे मी म्हणत नाही. अपंगांच्या हक्कांसाठी लढणारे एड रॉबर्ट्स आणि त्यांच्या सोबत्यांनी 1972 मध्ये आपल्या शेजारी, कॅलिफोर्नियातल्या बर्कलेला, सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग हे अपंगांचे स्वतःचे केंद्र सुरू केले, तेव्हा स्वतः रॉबर्ट्स पोलिओमुळे रात्री आयर्न लंगमध्ये (श्वासोच्छ्वास चालू ठेवणाऱ्या यंत्रात) झोपत असत आणि त्यांची बहुतेक कामे मदतनीस करत. स्वतंत्र राहणे म्हणजे सगळे स्वतःच्या हाताने करणे नव्हे, तर कोणी काय करावे हे स्वतः ठरवणे, हा त्यांचा आग्रह होता. त्यामुळे डबा हवा की नको, हे चिरंजीवाला विचारले आहे का, एवढेच मला श्री. दे. यांना विचारायचे आहे.

प्रेषक: श्री. दे.

विचारले नव्हते, हे कबूल करतो. काल रात्री फोनवर विचारले. दोन शनिवारी डबा हवा, आणि त्यांतल्या एका डब्यात भरली वांगी हवीत, असे त्याने सांगितले (दाण्याच्या कुटाशिवाय ती कशी करायची, हे काकूंनी ठरवावे). उरलेल्या दिवशी त्याला खिचडी स्वतः करायची आहे. तेथील प्रशिक्षकांनी शिट्टीचा कुकर कधी पाहिलेला नसल्यामुळे त्यांनी तो स्वयंपाकघरात ठेवायलाच मनाई केली आहे. मार्चपासून तो पास्ता आणि सँडविच यांवर आहे, आणि याबद्दल त्याने आम्हांला कधी काही सांगितले नव्हते. इन्स्टंट पॉटला (विजेच्या कुकरला) मात्र त्यांची हरकत नाही. खिचडीच्या पायऱ्यांचे, प्रत्येक पायरीच्या फोटोसह, कार्ड कोणी करून देईल का?

प्रेषक: सचिव

म्हणजे चार शनिवारची डब्याची मागणी रद्द समजावी काय? कृपया स्पष्ट करावे, कारण सभागृहाच्या स्वयंपाकघराची नोंद मी कालच करून ठेवली आहे.

प्रेषक: स्वयंपाक समितीच्या काकू

नोंद तशीच राहू द्या, फोटो तिथेच काढू. वांग्यांत तीळ आणि सुके खोबरे घालीन, मात्र त्या मुलाला तीळ चालतात ना, हे आधी कळवा. इन्स्टंट पॉट माझ्याकडे नाही. कोणाकडे असेल तर रविवारपर्यंत आणून द्यावा. एक वाटी तांदूळ आणि अर्धी वाटी मूगडाळ यांना कुकरच्या हिशेबाने मी साडेचार वाट्या पाणी घालते, पण त्या भांड्यात वाफ कमी जाते म्हणतात, तेव्हा सौ. प., तुम्ही किती घालता?