परदेशात रस्ता चुकलात तेव्हा काय सापडलं?

मंडळी, परवा अमळनेरहून भाचीचा फोन आला. पुढच्या महिन्यात शिकायला बाहेर जातेय आणि मामा मी तिकडं हरवले तर काय करू, एवढं एकच विचारत होती. तिला माझी बर्मिंगहॅमची गोष्ट सांगितली, मग वाटलं आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारची इतकी माणसं बाहेर आहेत, सगळ्यांकडूनच लिहून घेऊ या. टूरवरचं नको, रोजच्या जाण्यायेण्यात कुठं चुकलात आणि मग काय झालं ते लिहा.

सुरुवात मी करतो. २०१२ चा नोव्हेंबर, खोली सेली ओकला. हँड्सवर्थला पंजाबी दुकानातून कणीक न् तुरीची डाळ घेतली आणि ११ नंबरची बस पकडली. ही बस तेव्हा अख्ख्या शहराला गोल चक्कर मारायची, २६ मैलांचं. ११ए घड्याळाच्या उलट, ११सी घड्याळाप्रमाणे. मला पाहिजे होती ए, बसलो सी मध्ये. अर्ध्या तासानं ओळखीचं काहीच दिसेना, साडेचारलाच अंधार पडलेला, खाली जाऊन ड्रायव्हरला विचारलं तर म्हणाला बसून राहा, तुझा स्टॉप येणारच आहे, फक्त उशिरा येईल. मग वरच्या मजल्यावर पुढच्या सीटवर पीठ मांडीवर घेऊन बसलो. शाळेतून सुटलेली पोरं चढली, उतरली, कामावरून दमून आलेल्या बाया चढल्या, शेवटी बोर्नव्हिलला चॉकलेटच्या कारखान्याजवळून बस गेली आणि दोन मिनिटांत माझा स्टॉप. त्याआधी दीड महिना मी फक्त कॉलेज आणि खोली एवढंच पाहिलं होतं. आता त्या बसचे दोन तुकडे केलेत, एका दमात गोल फिरता येत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

फैजपूर, सध्या ओसाका

लग्नानंतर इकडं आले तेव्हा पहिल्यांदा कळलं की इथं बहुतेक रस्त्यांना नावच नसतं. पत्ता म्हणजे भागाचं नाव, मग गट, मग घर, नुसते आकडे. मिस्टर ऑफिसला गेले की मी एकटी, एक दिवस दूध आणायला निघाले आणि परत वळताना एक गल्ली आधी वळले असणार, कारण पुढं सगळं सारखंच दिसायला लागलं, मोबाइल घरी चार्जिंगला. रडू आलं नाही पण घसा दाटून आला होता.

चालता चालता छत असलेल्या बाजाराच्या गल्लीत शिरले, शोतेन्गाई म्हणतात त्याला. भाजीच्या दुकानात एक म्हातारी बाई, समोर वांगी. लहान, काळपट जांभळी. आपल्याकडची भरताची हिरवी मोठी वांगी कुठं आणि ही कुठं, पण तरी हातात घेतलं. तिनं काय केलं, बोटांनी जाळ दाखवला, वांगं त्यावर फिरवल्यासारखं केलं, मग साल सोलायची खूण, मग फू फू करून बोटं भाजल्याची. अहो आमच्या घरी कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजताना माझी आई अगदी अश्शीच बोटं फुंकते! मी बडगीत मुसळीनं ठेचायची खूण केली तर ती नाही नाही म्हणाली, ते लोक ठेचत नाहीत, अख्खंच ठेवतात, वर आलं किसून सोया सॉस घालतात. आम्ही दोघी किती वेळ हातवारे करत होतो कोण जाणे.

मग ती दुकान तसंच टाकून मला कोपऱ्यावरच्या पोलीस चौकीत घेऊन गेली. कोबान म्हणतात, तिथं त्या भागाचा मोठा नकाशा असतो आणि पत्ता सांगणं हे त्या पोलिसांचं रोजचंच काम. त्यानं कागदावर पेन्सिलनं रस्ता काढून दिला. घर तिथून ६ मिनिटांवर होतं.

दुबई, मूळ धुळे

माझं छोटंसंच आहे. २०१६ ला नवीन होतो, बर दुबईला राहायचो आणि संध्याकाळी चुकून देरा बाजूला खाडीकाठी निघालो. अब्रा म्हणजे लाकडी नाव, एक दिरहमात पलीकडं सोडते. बसलो तर पाठीमागून आवाज, "मी नावमा बठेल शे, उतरीसन फोन करस." अहिराणी! वळून बघितलं, तो साक्रीचा निघाला. आज आम्ही एकाच खोलीत राहतो.

चोपडा तालुका

घरी केळीला ठिबक आहे, त्यामुळं इस्राएलला शेतीचं शिकायला जायला मिळालं तेव्हा अख्खं गाव खूश होतं. वाळवंटात खजुराच्या बागेत काम आणि शिक्षण, ११ महिने. एका शुक्रवारी बीरशेवाला बूट घ्यायला गेलो. शब्बाथमुळं, म्हणजे ज्यू लोकांच्या शुक्रवार संध्याकाळपासूनच्या सुट्टीमुळं, शुक्रवारी दुपारनंतर बस बंद होतात हे मला माहीत होतं, पण हिवाळ्यात दिवस लवकर मावळतो म्हणून बसही लवकर बंद होते हे डोक्यात आलं नाही. स्टँडवर आलो तर शटर खाली पडत होती. भर दुपारी एवढं मोठं शहर असं गप्प होताना मी कधी पाहिलं नव्हतं, भीती वाटली.

फोनवर भावाला जोरात सांगत होतो की अडकलो, तर समोरून जाणारी एक आजी थांबली आणि म्हणाली, "तू मराठी बोलतोस? कुठला रे तू?"

हातातली पिशवीच सुटली माझ्या. त्या बेने इस्राएली, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू, त्यांचं घराणं अलिबागकडचं, रायगडला त्या अजून कुलाबा जिल्हा म्हणतात. लहानपणी इस्राएलला आल्या पण मराठी जशीच्या तशी, ट्रेनला आगगाडी. जळगाव म्हटल्यावर म्हणाल्या, म्हणजे नागपूरच्या आगगाडीत लागतं ते ना. घरी नेलं. संध्याकाळी मेणबत्त्या, प्रार्थना, मग नारळाच्या रसातली कोंबडी आणि भात. मी माळकरी घरातला, कोंबडी खात नाही म्हटल्यावर त्यांनी न रागावता लोणचं न् चपाती वाढली. शनिवारी रात्री आभाळात तीन तारे दिसले की शब्बाथ संपतो, तेव्हा नातू मला स्टँडवर सोडायला आला. नंतर दर महिन्याला जायचो. तिकडून शेवटचा निघताना त्यांनी एकच मागितलं, गेल्यावर मराठीत पत्र पाठव, हातानं लिहिलेलं.

धुळे, सध्या जर्मनी

बर्लिनहून वुपरटालला चाललो होतो. ती गाडी हाम स्टेशनला तुटते, अर्धे डबे डॉर्टमुंडकडं, अर्धे वुपरटालकडं. आमच्या धुळ्याचे डबे चाळीसगावला मुंबईच्या गाडीला जोडायचे हे लहानपणापासून बघितलंय, तरी चुकीच्या अर्ध्यात बसलो! कंडक्टरबाईंनी पुढची गाडी कागदावर लिहून दिली. दीड तास उशिरा पोचलो, म्हणून रात्री नदीच्या वरून लटकत जाणारी ती १९०१ पासूनची ट्रेन दिवे लावून जाताना दिसली.

शहादा

मी ६४ वर्षांची, मुलाकडे न्यू जर्सीला जाऊनयेऊन असते, सून टाइप करून देतेय. तिकडं सगळी घरं एकसारखी, फिरायला गेले की आपलं कोणतं तेच कळत नाही. अशीच भटकत होते तर एका अंगणात वाल चढवलेला दिसला, काठ्यांचा मांडव आपल्यासारखाच बांधलेला. म्हटलं ही आपलीच कुणीतरी. बाई गुजराती निघाली, आम्हा शहाद्याकडच्यांना गुजराती येतंच. तिनं पाणी दिलं, घरापर्यंत सोडलं. आता रोज संध्याकाळी ती येते नाहीतर मी जाते. यंदा तिला गिलक्याचं बी पाहिजे होतं पण विमानातून सर्टिफिकेटशिवाय बी नेऊ देत नाहीत म्हणून मुलगा नाही म्हणाला. तिकडं कुठं मिळत असेल तर कुणीतरी सांगा.