मासेमारीच्या फेरीत बोट लागू नये म्हणून घरी आल्याच्या वड्या करायच्या आहेत, मदत हवी आहे

माझ्या धाकट्या भावाला समुद्रात जाऊन गळाने मासे धरण्याची मनापासून आवड आहे, परंतु त्याला बोट फार लागते. होडी वेगात असते तोवर त्रास नसतो; नांगर टाकल्यावर ती जागच्या जागी डोलू लागली आणि हा मान खाली घालून गळाला आमिष लावू लागला, की तोंडाला पाणी सुटते, कपाळावर थंड घाम येतो आणि थोड्याच वेळात उलटी होते. आतल्या कानाला हालचाल जाणवत असताना डोळे मात्र हातातल्या स्थिर गळावर खिळलेले असतात, या विसंगतीतून हे घडते. म्हणून अधूनमधून क्षितिजाकडे पाहणे आणि होडीच्या मध्यभागी बसणे हे तो कटाक्षाने पाळतो. औषधाच्या गोळ्यांनी त्याला गुंगी येते, आणि धारदार गळ हाताळताना ती मला धोक्याची वाटते.

डेन्मार्कच्या नौदलातील ८० प्रशिक्षणार्थींवर भर समुद्रात झालेल्या आणि १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, १ ग्रॅम आल्याची पूड घेतलेल्यांना उलट्या व थंड घाम यांचा त्रास कमी झाला होता. मळमळ आणि चक्कर यांत मात्र ठोस फरक दिसला नव्हता. उलटी टळली तरी आम्हांला पुरेसे आहे.

माझी मुख्य अडचण प्रमाणाची आहे. ताज्या आल्यात सुमारे चार पंचमांश पाणी असते, म्हणजे १ ग्रॅम सुंठीसाठी अंदाजे ५ ग्रॅम ताजे आले धरावे लागेल. परंतु आले वाळताना त्यातील जिंजेरॉल या तिखट घटकाचे काही अंशी अधिक तिखट अशा शोगाओलमध्ये रूपांतर होते, त्यामुळे केवळ वजनाचा हिशेब पुरेल असे वाटत नाही. किसलेले आले साखरेत आटवून, पाक उतरवताना वजन करून सुंठपूड मिसळली, तर ती सर्व वड्यांत सारखी पसरते का, की गुठळ्या होतात? आल्याचे काप आधी उकळून ते पाणी फेकून देण्याची पद्धत मला पटत नाही, कारण तिखटपणा त्या पाण्यातच जातो.

दुसरी अडचण दमट हवेची. साखर ओल धरते आणि वड्या एकमेकींना चिकटतात. आमिषाने बरबटलेल्या हातांनी त्या सोडवत बसणे शक्य नसते, म्हणून पाक किती कडक करावा आणि प्रत्येक वडी कशात गुंडाळावी, म्हणजे वडीला बोट न लावता ती थेट तोंडात टाकता येईल, हे कृपया अनुभवी मंडळींनी सांगावे.

रिकाम्या पोटी आले खाल्ल्यास भावाला छातीत जळजळ होते. रक्त पातळ करणारे किंवा अन्य कोणतेही औषध तो घेत नाही. पहिली वडी निघण्यापूर्वी किती वेळ आधी, आणि कशाबरोबर द्यावी?