मदत हवी आहे: पत्रा ठेवूनही काउंट वाढेना, शनिवारी प्रदर्शन!

उद्यमनगरकर:
अंतराळयानावर वैश्विक किरण आदळून दुय्यम कण निघतात ते दाखवायचंय. गायगर ट्यूबवर (कण आला की वाजते, मोजते ती नळी) अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा ठेवला. काउंट होता तेवढाच. लवकर सांगा.

रंकाळा_काठ:
पत्रा किती जाड? ट्यूब एकच? किती वेळ मोजलंस? काहीच लिहिलं नाहीस की भावा.

उद्यमनगरकर:
2 मिमी. एकच. पाच मिनिटं. त्याचा काय संबंध?

रंकाळा_काठ:
आहे की! एकट्या ट्यूबला भिंतीतले, मातीतले गॅमा किरणही लागतात. तीन ट्यूब त्रिकोणात लाव, तिन्ही एकदम वाजल्या तरच मोज. सरळ जाणारा एक कण तिन्हींतून जाऊ शकत नाही, म्हणजे वर कणांचा फवारा उडाला. भौतिकशास्त्रज्ञ ब्रुनो रोसीनं 1930 च्या दशकात हेच केलं. वर शिसं चढवत गेलं की काउंट वाढतो, दीड-दोन सेंमीला कमाल, मग उतरतो.

पन्हाळा_पायथा:
शिसं कशाला? यान अ‍ॅल्युमिनियमचं असतं.

रंकाळा_काठ:
इलेक्ट्रॉन-गॅमाच्या फवाऱ्याला शिशात जे 5.6 मिमीत होतं त्याला अ‍ॅल्युमिनियम जवळपास 9 सेंमी लागतं. 2 मिमीनं काय होणार, कपाळ?

पन्हाळा_पायथा:
पण वर अंतराळात प्रोटॉन थेट केंद्रकं फोडतात, न्यूट्रॉन उडतात. ते गायगरला दिसत नाहीत म्हणून अंतराळ स्थानकात बबल डिटेक्टर वापरलेत, जेलमधले बुडबुडे मोजायचे. खाली जमिनीवर आपल्याकडं मुख्यतः म्युऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनसारखेच पण जड कण. शिसं दाखवून 'हेच यानात होतं' म्हणणं बरोबर नाही.

रंकाळा_काठ:
एकाचे अनेक झाले, एवढं तर दिसतंय ना? पोरांना तेवढं पुरे.

विज्ञानताई:
पोस्टरवर मंगळाभोवती फिरणारं नासाचं यान मार्स ओडिसी टाका. त्याचा गॅमा वर्णपटमापक सुमारे 6 मीटर लांब दांडीवर होता, यानाच्याच अंगातून निघणारे गॅमा टाळायला.

शाहूपुरी_२:
ह्यानं मोबाइल टॉवरचं रेडिएशन मोजता येईल का? आमच्या गच्चीसमोरच आहे.

विज्ञानताई:
नाही हो. त्या लहरी ट्यूबला कळतच नाहीत.

उद्यमनगरकर:
विषयावर या! शिसं आणू कुठनं?

रंकाळा_काठ:
तुझ्याच उद्यमनगरात कारखान्यांत विचार. ओतलेलीच वीट घे, घरी वितळवू नकोस, वाफ विषारी. 10 बाय 10, दीड सेंमी जाड म्हणजे 1.7 किलो भरेल. आणि छोट्या ट्यूबना तिहेरी काउंट फार कमी येतात. एकदा शिशासह, एकदा शिशाशिवाय, रात्रभर चालव आणि आलेख लाव. स्टॉलवर जिवंत दाखवायला जाशील तर लोक कंटाळून भेळ खायला जातील.

उद्यमनगरकर:
रात्रभर? इथं लाइट जाते राव.

पन्हाळा_पायथा:
सर्किट 5 व्होल्टचं असेल तर पॉवर बँक लाव. कुठलं आहे ते अजून सांगितलंच नाहीस.