ऑगस्टला गाड्या किती लावायच्या?

प्रेषक: सचिव
प्रति: अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळाचे सर्व सभासद

नमस्कार मंडळी,
तिळगुळाचा हिशेब वेगळ्या मेलने पाठवते. आत्ता प्रश्न ऑगस्टचा. नव्या विद्यार्थ्यांना विमानतळावरून आणायला गेल्या वेळी चौदा गाड्या लावल्या, मुलं उतरली पाच. उरलेला पुलाव मी चार दिवस खाल्ला. इकडे वाचते तर २०२४-२५ मध्ये अमेरिकेतल्या भारतीय विद्यार्थ्यांचा आकडा ३,६३,०१९, चीनपेक्षाही जास्त! मग आपल्याच गावात दुष्काळ का? काका, कोल्हापुरात आहातच तर जरा कानोसा घ्या.

प्रेषक: काका, मुक्काम राजारामपुरी

सचिवबाई,
आकडा खरा आहे, पण तो फोडून बघा. त्यात १,४३,७४० जण शिक्षण संपवून ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतर मिळणाऱ्या तात्पुरत्या कामाच्या परवान्यावर, नोकरी करणारे. मास्टर्स-पीएचडीला प्रत्यक्ष शिकणारे भारतीय १,७७,८९२, आधीच्या वर्षापेक्षा जवळपास दहा टक्क्यांनी कमी. गाडी भरलेली दिसते, पण मागच्या स्टेशनावर चढलेत थोडेच. २०२५ च्या फॉलमध्ये, म्हणजे ऑगस्टच्या सुमारास सुरू होणाऱ्या सत्रात, तर सगळ्या देशांचे मिळून नवे विद्यार्थी १७ टक्क्यांनी घटले. मे अखेरीला व्हिसा मुलाखतींच्या नव्या तारखा देणं तीनेक आठवडे बंद होतं. ऑगस्टला निघणाऱ्या पोरांचा नेमका तोच हंगाम.

मेव्हण्याचं रान करवीर तालुक्यात. पोरगं इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. दोन वर्षांपूर्वी याच सोप्यात बसून आम्ही टेक्सास की इलिनॉय यावर वाद घातला होता. आता पोरगं जर्मनचा क्लास लावून बसलंय. म्हटलं, का रे? तर बापच म्हणाला, "दाजी, कर्जाला रान तारण द्यायचं आणि हप्ता डॉलरच्या पगारातनं फेडायचा. पगारच न्हाई गावला तर हप्ता काय उसाच्या बिलातनं भरू?" मी गप्प.

जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही. मात्र वर्षाच्या खर्चाचे पैसे आधी 'ब्लॉक्ड', म्हणजे दरमहा ठरावीकच रक्कम काढता येणाऱ्या खात्यात दाखवावे लागतात. २०२५ मध्ये ते ११,९०४ युरो होते. पूर्वी कॅनडाचं नाव काढणारे होते. तिथे २०२४ पासून शिक्षणाच्या परवान्यांवर मर्यादा आली, आणि खात्यात दाखवायची रक्कम त्या वर्षी १०,००० वरून एकदम २०,६३५ कॅनेडियन डॉलर झाली. ब्रिटनमध्ये त्याच वर्षापासून साध्या मास्टर्सला गेलेल्याला बायकोपोरं नेता येत नाहीत. ऑस्ट्रेलियाची विद्यार्थी व्हिसाची फी तर २०२५ मध्ये २,००० ऑस्ट्रेलियन डॉलर झाली. त्यात अमेरिकेतल्या नोकरीच्या एच-वन-बी व्हिसाला एक लाख डॉलर लागणार, ही बातमी इथे मिसळीच्या गाड्यावरसुद्धा ऐकली.

तेव्हा माझं मत, गाड्या सहाच ठेवा.

प्रेषक: माजी विद्यार्थी, सध्या ओपीटीवर

काका, मिसळीच्या गाड्यावर एक दुरुस्ती सांगाल का? ती लाखाची फी बाहेरून नव्याने येणाऱ्यांच्या अर्जांना लावली. इथेच शिकून व्हिसाचं स्टेटस बदलणाऱ्याला ती लागत नाही, असा खुलासा २०२५ च्या ऑक्टोबरात झाला. आईला हे पटवायला मला तीन फोन लागले.

पण तुम्ही फोडून दाखवलेला आकडा मला लागला, कारण त्या १,४३,७४० मध्ये मी आहे. नोव्हेंबरात कंपनीने माणसं कमी केली. ओपीटीवर बेकार राहायला एकूण नव्वद दिवस मिळतात. माझे एकेचाळीस गेले. ढोलपथकाच्या ग्रुपवर असे आम्ही चौघं आहोत, सगळ्यांनी 'सध्या बिझी' म्हणून सरावाला दांडी मारली. बिझी कोणी नव्हतं.

प्रेषक: काका

अरे भावा, हे आधी सांगायचं की.

काल दसरा चौकातून चालत आलो. शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, मग जैन, लिंगायत, मुस्लिम अशी एकेका समाजाची बोर्डिंगं झाली. खेड्यातल्या पोराला पुस्तकाआधी पाठ टेकायला जागा आणि दोन वेळची भाकरी लागते, हे त्या माणसाला कळलं होतं. आपण मात्र विमानतळावरून घरी सोडलं की हात झटकतो.

माझं तळघर रिकामं आहे, किल्ली शेजाऱ्यांकडे. भाडं वाचेल. चौघंही या. मी फेब्रुवारीत येतोय, तोवर फ्रीजरमधला तांबडा रस्सा संपवा.

प्रेषक: सचिव

गाड्या सहा, ठरलं. राहिलेल्या आठ गाड्यांच्या मालकांनो, तुमच्या कंपनीत जागा असतील तर आजच मला कळवा. रेझ्युमे कुणाचा, हे लिस्टवर लिहायचं नाही. थेट मला मेल करा. आणि ढोलाचा सराव रविवारी चारला, काकांच्याच तळघरात. शेजाऱ्यांना मी सांगते.