ऑफिसच्या लॅपटॉपवर मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर बसत नाही, काय करावं?

महापे_डेस्क:
महापेला एमआयडीसीत ऑफिस आहे. महापालिका, एमआयडीसी आणि आसपासच्या सोसायट्यांना मराठीत पत्रं पाठवावी लागतात, म्हणून टायपिंगचं एक फुकट सॉफ्टवेअर उतरवलं. सेटअप चालवला की अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागतो. त्याचीच पोर्टेबल (न बसवता चालणारी) आवृत्ती डाउनलोड्समधून उघडली तर 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने ब्लॉक केलं आहे' असा संदेश येतो. झूम मात्र पासवर्ड न मागता बसलं होतं. हा फरक का? शिवाय जुनी पत्रं शिवाजी फॉन्टमध्ये आहेत, तीही उघडायची आहेत. विंडोज ११, कंपनीच्या डोमेनवर (आयटीच्या ताब्यातल्या नेटवर्कवर).

रोडनंबर१६:
तुम्हाला दोन वेगळी कुलुपं लागली आहेत, त्यांची गल्लत करू नका.

पासवर्डची खिडकी येते कारण तुमचं खातं साध्या वापरकर्त्याचं आहे आणि सेटअपला 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये किंवा रजिस्ट्रीच्या (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्याच्या) सामाईक भागात लिहायचं आहे. झूम तुमच्या स्वतःच्या प्रोफाइलमध्ये, अ‍ॅपडेटा फोल्डरात बसतं. तिथे लिहायची मुभा तुम्हाला आहेच, म्हणून पासवर्डचा प्रश्न आला नाही.

दुसरा संदेश बहुधा अ‍ॅपलॉकर किंवा तत्सम धोरणाचा, म्हणजे कोणते प्रोग्राम चालू द्यायचे हे ठरवणाऱ्या आयटीच्या नियमांचा आहे. अ‍ॅपलॉकरचे मूळ नियम विंडोज आणि प्रोग्राम फाइल्स या फोल्डरांतलंच चालू देतात. डाउनलोड्स, डेस्कटॉप, पेनड्राइव्ह सगळं बाहेर. झूम चालतं ते त्याच्या प्रकाशकाच्या डिजिटल सहीला आयटीने परवानगी दिली असेल म्हणून. फाइलचं नाव बदलून उपयोग नाही. खात्री करायची असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या साधनात) मायक्रोसॉफ्ट, विंडोज, अ‍ॅपलॉकर, 'ईएक्सई अँड डीएलएल' असं उघडा. ८००४ क्रमांकाची नोंद म्हणजे अ‍ॅपलॉकरने अडवलं. तिथे काही नसेल तर तिथल्याच 'कोडइंटेग्रिटी'च्या (तत्सम दुसऱ्या धोरणाच्या) ऑपरेशनल लॉगमध्ये ३०७७ शोधा. लॉग उघडू दिला नाही, तर संदेशाचा फोटो आयटीला पुरतो.

पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पासवर्ड उडवायचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका. डिस्क बिटलॉकरने (विंडोजच्या डिस्क-कुलुपाने) बंद असेल तर लिनक्समधून काही हाती लागत नाही. वर बूटची सेटिंग बदलल्याने पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती आयटीकडेच असते, तोवर लॅपटॉप बंद आणि खुलासा तुमच्याकडून.

ऐरोली_कळफलक:
मुळात या कामासाठी सॉफ्टवेअर लागतच नाही. विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून 'मराठी फोनेटिक' कळफलक विंडोजमध्येच आहे.

सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन, अ‍ॅड अ लँग्वेज, मराठी. पुढच्या पानावर लँग्वेज पॅक वगैरे पर्यायांसमोरच्या खुणा काढून टाका. ते भाग अपडेट सर्व्हरवरून येतात आणि कंपनीने तो रस्ता बंद ठेवला असेल तर काम तिथेच अडकतं. मग मराठीसमोरचे तीन ठिपके, लँग्वेज ऑप्शन्स, अ‍ॅड अ कीबोर्ड, मराठी फोनेटिक. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून भाषा बदला. रोमनमध्ये शब्द टाइप केला की मराठी पर्याय समोर येतात.

फोनेटिक यादीत नसेल तर नुसता 'मराठी' म्हणजे इन्स्क्रिप्ट (प्रत्येक मराठी अक्षराला ठरलेली कळ असलेला कळफलक) घ्या. रोजचं काम असेल तर माझं मत इन्स्क्रिप्टच्याच बाजूने आहे, कारण दरवेळी पर्याय निवडत बसावं लागत नाही. हलन्त (अक्षराचा पाय मोडणारी खूण) 'डी'वर, ळ शिफ्ट-एनवर. 'कचऱ्याची गाडी' लिहिताना लोक अडतात: साधा र, हलन्त, य दाबलं तर 'कचर्याची' होतं. तिथे र शिफ्ट-जेचा घ्यायचा, मग हलन्त आणि य.

आणखी एक, ऑफिसची पत्रं ऑनलाइन टायपिंगच्या किंवा रूपांतराच्या साइटवर टाकू नका. त्यातली नावं, पत्ते, मालमत्ता क्रमांक परक्या सर्व्हरवर जाऊ शकतात. कितीही घाई असली तरी नाही.

घोडबंदर_लायसन्स:
'फुकट' या शब्दाकडे नीट बघा, फुकट कुणासाठी ते परवान्यात लिहिलेलं असतं. टीमव्ह्यूअर खासगी वापराला फुकट, ऑफिसात नाही. व्हर्च्युअलबॉक्स (संगणकात दुसरा आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) खुलं आहे, पण त्याच्या एक्स्टेंशन पॅकला व्यावसायिक वापरासाठी पैसे पडतात. डॉकर डेस्कटॉप (प्रोग्रामरांचं साधन) २५० पेक्षा कमी कर्मचारी आणि वर्षाला १ कोटी डॉलरपेक्षा कमी उत्पन्न, या दोन्ही अटी पाळणाऱ्या कंपनीलाच फुकट. क्रॅक केलेली प्रत तर थेट गुन्हा आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३बी प्रमाणे ती जाणूनबुजून वापरली तर ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे.

खरंच काही बसवायचं असेल तर आधी कंपनी पोर्टल किंवा सॉफ्टवेअर सेंटर उघडून बघा. मंजूर सॉफ्टवेअर तिथून अ‍ॅडमिनशिवाय बसतं. तिथे नसेल तर तिकीट टाका, पण 'अमुक सॉफ्टवेअर पाहिजे' एवढ्यावर ते पडून राहतं. असं लिहा: 'नाव व आवृत्ती, बनवणाऱ्याच्या मूळ साइटची लिंक, व्यावसायिक वापराला परवानगी देणारा परवान्यातला परिच्छेद, कोणत्या कामासाठी, किती जणांना, साहेबांची ईमेलवरची मंजुरी, फाइलचा एसएचए-२५६ हॅश.' हॅश म्हणजे फाइलच्या ठशासारखा क्रमांक, तो पॉवरशेलच्या (विंडोजमधल्या आज्ञा टाइप करायच्या खिडकीच्या) गेट-फाइलहॅश आज्ञेने निघतो. त्यामुळे तपासलेली आणि बसवलेली फाइल एकच आहे हे आयटीला कळतं.

महापे_डेस्क:
फोनेटिक लगेच दिसला, चालतोय. शिवाजी फॉन्टचं काय? फाइल उघडली की रोमन अक्षरांची खिचडी दिसते.

ऐरोली_कळफलक:
त्या फाइलमध्ये अक्षरं रोमनच साठवलेली आहेत, फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. फॉन्टच्या फाइलवर राइट क्लिक करून नुसतं 'इन्स्टॉल' निवडा, 'सर्व वापरकर्त्यांसाठी' नको. तो फॉन्ट तुमच्या प्रोफाइलपुरताच बसतो, अ‍ॅडमिन लागत नाही. आयटीने फॉन्टवरही बंदी घातली असेल तर फॉन्टसाठीही तिकीटच. पत्र वाचायचं किंवा छापायचं असेल तर एवढं पुरे. ईमेलने पुढे पाठवायचं असेल तर युनिकोडमध्ये (कुठल्याही संगणकावर मराठीच दिसणाऱ्या पद्धतीत) आणा आणि ऑफलाइन चालणारा कन्व्हर्टर आयटीकडून मंजूर करून घ्या. रूपांतरानंतर पहिली वेलांटी आणि रफार हमखास सरकतात, आकडेही तपासा. सर्व्हे नंबर मूळ कागदाशी पडताळल्याशिवाय पत्र पाठवू नका.