अनुभव धागा : कॉलेजच्या लॅबमध्ये मुक्त सॉफ्टवेअर आणताना

आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये २८ संगणक. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ यातल्या निम्म्यांवर चढेना. प्रोसेसर जुने, त्याला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही. 'भंगारात काढायचे का?' अशी वरून विचारणा झाली. मी एक महिना मागून घेतला आणि १३ मशिनींवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मुक्त प्रणाली टाकली. मशिनी चालतात, छान चालतात. मुलं मात्र उरलेल्या १५साठी ताटकळत उभी राहतात. अर्धा तास थांबतील, पण मिंटवर बसणार नाहीत.

म्हणून हा धागा. शिक्षक, विद्यार्थी, ग्रंथपाल, गोव्यातल्या कॉलेजांत ज्यांनी हा खटाटोप केलाय त्यांनी लिहा. फसलेलंही लिहा. नावं नकोत, गाव पुरे. आणि 'फुकट आहे म्हणून वापरा' हे कारण नको. मुक्त म्हणजे कुणीही वापरावं, उघडून पाहावं, बदलावं, वाटावं असं. १९८३मध्ये अशा सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केल्यापासून रिचर्ड स्टॉलमन यांना 'फ्री म्हणजे मोफत नव्हे' हे समजावत बसावं लागलं, कारण इंग्रजीत शब्दच एक. आपल्याकडे मुक्त आणि फुकट हे दोन शब्द तयार आहेत, तरी तोंडात येतो तो फुकटच. आणि फुकटची आपल्याकडे काय पत असते ते काय सांगू!

फोंडा, शिक्षिका

मी बीएस्सीला सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवते. लॅबमध्ये जीसीसी हा सीचा मुक्त कंपायलर आणला त्या पहिल्या दिवशी अख्खी बॅच एकदम ओरडली, 'मॅडम, एरर!' सगळ्यांची एरर एकच. कोनिओ डॉट एच नावाची फाइल सापडत नाही. ती सापडणार कशी? ती टर्बो सी या जुन्या कंपायलरच्या जमान्यातली, विंडोजच्या आधीच्या डॉसची. सीच्या प्रमाण लायब्ररीत ती कधी नव्हतीच. पण आमचं जर्नल, म्हणजे प्रॅक्टिकलची वही, वर्षानुवर्षं झेरॉक्सवर झेरॉक्स होत आलेलं. प्रत्येक प्रोग्राम 'व्हॉइड मेन'ने सुरू, दुसऱ्या ओळीत 'क्लिअर स्क्रीन', शेवटी 'गेट-सी-एच'. का, ते कुणालाच ठाऊक नाही. संध्याकाळच्या दिव्यासारखं. लावायचा म्हणजे लावायचा.

तेव्हा लक्षात आलं की भांडण कंपायलरशी नाहीच, जर्नलशी आहे. मे महिन्याच्या सुट्टीत घरी बसून सगळे प्रोग्राम नव्याने लिहिले. सहकारी म्हणाले, 'कशाला डोक्याला ताप?' खरी धाकधूक प्रॅक्टिकलच्या दिवशी. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एका मुलीला विचारलं, 'स्क्रीन का नाही क्लिअर केलीस?' ती म्हणाली, 'सर, तो सीच्या स्टँडर्डचा भाग नाही.' मी दाराशी उभी, घशाला कोरड. बाहेर येऊन तिने मलाच विचारलं, 'मॅडम, मार्क कापतील?' कापले नाहीत. पण सर हसलेही नाहीत.

तुमच्या १३ मशिनींबद्दल एकच विचारते. जर्नल कुठल्या मशिनीसाठी लिहिलेलं आहे?

डिचोली, माजी विद्यार्थी

आमच्या वेळी उबुंटू या लिनक्सच्याच एका प्रकाराची सीडी पोस्टाने यायची, एक पैसा न घेता. शिपइट म्हणायचे त्या योजनेला. २०११ला बंद झाली. मी २००७मध्ये मागवली. पोस्टमनने पाकीट बाबांच्या हातात दिलं आणि घरात चौकशी बसली. 'परदेशातून फुकट कोण पाठवतं? तू सही कुठे केलीस?'

रात्री बसवायला घेतलं. डिस्कचे भाग पाडायच्या पायरीवर 'संपूर्ण डिस्क वापरा' हा पर्याय सगळ्यात सोपा वाटला. सोपा होताच. ताईच्या साखरपुड्याचे फोटो गेले. दुसरी प्रत नव्हती. ताई आज दोन मुलांची आई आहे, अजून चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, सगळे जमले की विषय निघतो. तेव्हापासून कुणाकडे लिनक्स टाकायला जाताना आधी रिकामी हार्ड डिस्क पिशवीत जाते, मग पेनड्राइव्ह.

मडगाव, ग्रंथपाल

मी कोहा वापरते. न्यूझीलंडमधल्या एका लहान ग्रंथालय संस्थेने करवून घेतलेलं, २००० सालापासून चालू असलेलं हे ग्रंथालयाच्या कामाचं मुक्त सॉफ्टवेअर. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. आधीचं सॉफ्टवेअर विकत घेतलेलं होतं. वार्षिक देखभालीचे पैसे एका वर्षी मंजूर झाले नाहीत, आणि आमच्याच पुस्तकांची यादी आम्हाला बाहेर काढता येईना. शेवटी निघाली तेव्हा मराठी-कोंकणी शीर्षकं जुन्या फॉन्टमधली, म्हणजे पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. दोन ट्रेनी मुली आणि मी, पावसाळाभर कपाटांसमोर बसून शीर्षकं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकाला वाचता येतील अशा अक्षरांत, टाइप केली.

पुढची गंमत. 'किनाऱ्या' शोधलं की काही पुस्तकं येत, काही येत नसत. डोळ्यांना शब्द तोच. पुष्कळ डोकं खाजवल्यावर कळलं की एक मुलगी 'ऱ' ही स्वतंत्र की दाबत होती, दुसरी साधा 'र', हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक. संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द! सगळं निर्यात केलं, शोधा-बदला केलं, परत आत घातलं. तासाभराचं काम. माझी यादी माझ्या हातात होती म्हणून तासाभराचं.

वास्को, विद्यार्थी

मला दिसत नाही. मी एनव्हीडीए वापरतो. ऑस्ट्रेलियातल्या एका अंध तरुणाने २००६मध्ये सुरू केलेला, पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम. पेनड्राइव्हवरून चालतो, संगणकात बसवावाही लागत नाही. फक्त आमच्या लॅबमध्ये पेनड्राइव्हला बंदी होती, व्हायरस येतो म्हणून. परवानगीचं पत्र मिळेपर्यंत पहिलं सेमिस्टर संपलं. ते पत्र अजून पाकिटात ठेवतो, बस पासच्या मागे.

मराठी आवाज यंत्रासारखा आहे. तो बातम्या वाचायला लागला की आई स्वयंपाकघरातून विचारते, 'तुझा पाहुणा कधी जाणार?'

तिसवाडी, भूगोलाची विद्यार्थिनी

प्रकल्प खाजन जमिनींवर होता, म्हणजे खाडीकाठच्या, बांध घालून राखलेल्या शेतांवर. विभागात महागड्या नकाशा-सॉफ्टवेअरची एकच परवाना असलेली मशीन, आणि आम्ही अकरा जण. मॅडमनी क्यूजीआयएस हे नकाशांचं मुक्त सॉफ्टवेअर टाकून घ्यायला सांगितलं, प्रत्येकाने आपापल्या लॅपटॉपवर. माझा जुना, पंखा बसच्या इंजिनासारखा वाजतो, तरी चाललं.

बांध आणि मानशी, म्हणजे बांधातली पाण्याची दारं, उपग्रहचित्रावरून काढल्या, छापून गावात नेल्या. एका शेतकरी काकांनी कागद उलटा धरला, मग सुलटा केला आणि बोट ठेवलं. 'ही मानस इथे नाही बाये, पलीकडच्या वळणावर. आणि ही दुसरी तर पडून किती वर्षं झाली.' दोन्ही दुरुस्त्या केल्या. चालू असलेली मानस मी ओपनस्ट्रीटमॅप या सगळ्यांनी मिळून काढलेल्या मुक्त नकाशावर टाकली. आता कुणालाही दिसते.

म्हापसा, एकेकाळचा क्लब-सेक्रेटरी

फसलेलं मागितलंय म्हणून लिहितो. सॉफ्टवेअर फ्रीडम डे, म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरचा दिवस, सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी असतो. २०१८मध्ये तो आला १५ला आणि चवथ होती १३ला. चवथीच्या तिसऱ्या दिवशी गोव्यात कॉलेजला कोण येतं? आम्ही ऑक्टोबरात केला. सहा जण आले, त्यातले दोघे मिरची भजीसाठी. तरी वर्षभरात दहा मशिनींवर लिनक्स नीट बसवलं होतं. मी पास झालो, आणि जूनमध्ये नवीन बॅचसाठी सगळ्या मशिनी फॉरमॅट झाल्या. कुणी मुद्दाम नाही केलं. पासवर्ड फक्त माझ्याकडे होता, आणि मला कुणी विचारलं नाही, मी कुणाला सांगितला नाही.

धागाकर्ता

फोंड्याच्या मॅडम, तुमचा प्रश्न बरोबर जागी लागला. जर्नल उघडून पाहिलं. पहिल्याच पानावर कोनिओ डॉट एच. मिंटवर बसलेल्या मुलाला पहिल्या पाच मिनिटांत एरर, शेजारच्याला नाही. मी असतो तर मीही रांगेत उभा राहिलो असतो.

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल या व्हिडिओ-धड्यांच्या प्रकल्पातले सीचे धडे काढलेत, आवाज मराठीत आहे. तेवढ्याने जर्नल सुटणार नाही, ते लिहायला बसलोय. पासवर्ड तिघांना दिला, त्यात एक पहिल्या वर्षाची मुलगी आहे.

शनिवारी दुपारी लॅब उघडी ठेवतो. ज्यांना स्वतःच्या लॅपटॉपवर टाकून हवं त्यांनी या. येताना फोटोंची दुसरी प्रत काढून या, नाहीतर डिचोलीची ताई मला सोडणार नाही.